दोन कोसांची अतिशयोक्ती

बसा मंडळी, बसा. खांबाला टेकलेत त्यांना उठवू नका. सप्त्याचं जेवण नुकतंच झालंय, जिलबी पोटात आहे, डोळे जड होणारच. झोप लागली तर लागू द्या, फक्त घोरताना तालात घोरा. तबलजी आमचे नवीन आहेत, त्यांचा गोंधळ उडतो.

नामाचा गजर झाला. दिगंबरपंतांच्या पेटीचा सूर अजून लागायचाय. तो कालही लागला नव्हता. आपण पुढे जाऊ.

आजचा सवाल साधा आहे. ऐका! एका माणसानं खरं सांगितलं. अगदी खरं, तिळभर जास्त नाही. दुसऱ्यानं ते मन लावून ऐकलं. मान डोलावली. "वा!" म्हणाला. आणि जागचा हलला नाही! — तर मंडळी, दोष कुणाचा? सांगणाऱ्याचा? ऐकणाऱ्याचा? की त्या "वा"चा?

कोणी बोलत नाही. उत्तम! ठाऊक असतं तर मला कशाला बोलावलं असतंत?

तर कृष्णाकाठी एक गाव होतं. नाव सांगत नाही, तिथले लोक अजून चिडतात. आमच्या पणजोबांच्या वेळची गोष्ट. त्या गावात दाजीशास्त्री पोंक्षे नावाचे विद्वान राहायचे. विषय कोणता? अलंकारशास्त्र! दागिन्यांचं शास्त्र नव्हे हो — ताई, तुम्ही एकदम सरसावून बसलात म्हणून सांगतो — भाषेचे अलंकार. माणूस बोलतो कसा, पटवतो कसा, सजवतो कसा, त्याचं शास्त्र.

अवघड नाही, ऐका. आपले सरपंच अण्णा पुढेच बसलेत. "अण्णांचं पोट नगाऱ्यासारखं आहे" — ही झाली उपमा. "अण्णांचं पोट म्हणजे नगाराच" — हे रूपक. "अण्णा देवळात येतात तेव्हा पोट गाभाऱ्यात असतं आणि अण्णा अजून पायरीवर" — ही अतिशयोक्ती! आणि "अण्णांचं पोट मोठं आहे" — बस, एवढंच, आहे तसं सांगितलं — तर ती स्वभावोक्ती. गंमत बघा! काहीच सजवलं नाही, तरी काही शास्त्रकारांनी त्यालाही अलंकारच म्हटलंय. काहींनी म्हटलं, छे, हा कसला अलंकार! हे भांडण हजार वर्षं चाललंय. अण्णा, रागावू नका, शास्त्राला उदाहरण लागतं आणि तुम्हीच समोर होतात.

तर दाजीशास्त्री. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. कीर्तनात एक वाईट माणूस असला की मंडळींना बरं वाटतं — तो वाईट, आपण चांगले, चला प्रसाद घेऊ! इथे ती सोय नाही. दाजीशास्त्री प्रेमळ होते. बायको लवकर गेली. मागे एक मुलगी — मथुरा. घरात मथू. बापानंच न्हाऊ घातलं, बापानंच वेणी घातली. वेणी वाकडी यायची, पण घालायचे. आणि मुलगा नव्हता म्हणून सगळं शास्त्र पोरीला शिकवलं!

मथू पाच वर्षांची असतानाची गोष्ट. चुलीशी गेली, बोट भाजलं. धावत आली ओसरीवर. "बाबा, बाबा! माझं बोट विस्तवासारखं लाल झालंय!"

शास्त्री ताडकन उठले. पोरीला उचललं. डोळ्यांत पाणी! म्हणाले, "पूर्णोपमा! अगं, बोट हे उपमेय, विस्तव हे उपमान, 'लाल' हा दोघांचा गुण, 'सारखं' हा शब्दसुद्धा आहे! कुणी शिकवली तुला?" आणि डब्यातून काढून लाडू दिला तिला. मग बोटाला तूप लावलं. लावलं हो, लावलं नाही असं नाही. पण आधी लाडू.

हसलात? हसा. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो.

मथू चौदा वर्षांची झाली, लग्न ठरलं. सासर कुठलं? कृष्णाकाठापासून बैलगाडीनं दोन दिवसांवर, कोरड्या मुलखात, खरकवाडीचं कुळकर्ण्यांचं घर. कूळ चांगलं. मुलगा इंग्रजी शिकलेला, पुण्याला कचेरीत कारकून. राहायला जागा मिळेपर्यंत बायको गावी, आईवडिलांपाशी. रीतीप्रमाणे सगळं ठीक. निघताना शास्त्र्यांनी पोरीला पानं दिली, दौत दिली, बोरू दिला. म्हणाले, "पत्र लिहीत जा. मी तपासून परत पाठवीन."

तपासून! लक्षात ठेवू नका, पुढे येतंच आहे.

आणि त्या काळची चाल तुम्हाला ठाऊक असेल. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरी जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. मग जाणार कोण? बापलेकीची भेट म्हणजे टपालाची पिशवी.

दोन महिन्यांनी पहिलं पत्र आलं. शास्त्र्यांनी ओसरीवर शिष्यांना बसवलं आणि मोठ्यानं वाचलं.

"तीर्थरूप बाबांस मथूचा साष्टांग नमस्कार. इथल्या घरची विहीर आटली आहे. देवाचं आणि स्वयंपाकाचं पाणी लांबच्या विहिरीवरून आणावं लागतं. ते सुनेनंच सोवळ्यात आणायचं, असा मामंजींचा नियम आहे. विहीर दोन कोसांवर आहे. सोवळ्यात चामडं चालत नाही म्हणून अनवाणी जावं लागतं. पायाखालची जमीन म्हणजे तवाच."

शास्त्री थांबले. शिष्यांकडे बघितलं. "ओळखा!"

एक शिष्य म्हणाला, "तवा — रूपक."

"शाबास! आणि दोन कोस?"

"दोन कोस... अतिशयोक्ती?"

"अतिशयोक्ती! काय सहज आली आहे बघा! नुसतं 'लांब' म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं?"

आता मंडळी, दाजीशास्त्र्यांना पाणी म्हणजे काय ठाऊक होतं? त्यांच्या घराच्या मागल्या दारी घाट! सोळा पायऱ्या उतरल्या की कृष्णामाई. जन्मात कधी सतरावी पायरी चालले नाहीत पाण्यासाठी. त्यांना दोन कोस म्हणजे अलंकारच वाटणार! ज्याच्या दारात नदी, त्याला दुसऱ्याची तहान पुस्तकात वाचावी लागते.

त्यांनी तांबडी शाई घेतली, समासात लिहिलं — "अतिशयोक्ती उत्तम. तवा हे रूपक मात्र ओढून आणल्यासारखं. टाळावं." आणि पत्र परत पाठवलं. खाली लिहिलं, "प्रकृतीस जपावे." प्रेमळ होते, सांगितलं ना.

दुसरं पत्र आलं. गुणी पोर हो! तवा काढून टाकला तिनं. "बाबा, पायांना फोड आले आहेत. फुटतात आणि त्यावर पुन्हा येतात. रोज दोन खेपा होतात."

तांबडी शाई! "फोडांचे वर्णन बीभत्स रसाकडे झुकते. नववधूच्या पत्रात अनुचित."

तिसरं पत्र. "बाबा, दुसऱ्या खेपेचं पाणी घेऊन येताना कुत्रं शिवलं तर सगळं ओतून परत जावं लागतं. परत येईपर्यंत घरातली जेवणं होतात, मागे काही उरत नाही. आठवड्यातून तीन दिवस असं होतं."

तांबडी शाई! "कुत्र्याची योजना नाट्यमय. आठवड्यातून तीनदा हे मात्र जास्त. एकदा पुरे. संयम हा लेखनाचा गुण आहे."

हं! आता हसत नाही कुणी.

चौथं पत्र दोन ओळींचं होतं. "बाबा, हे अलंकार नव्हेत. मला घेऊन जा."

आता तरी? मंडळी, आता तरी कळायला हवं की नाही? दगडालाही कळलं असतं! पण दगड शिकलेला नसतो. शास्त्र्यांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. आणि म्हणाले, "अपन्हुती!"

हा एक अलंकार आहे. "हे मुख नव्हे, हा चंद्र आहे" — एक नाकारायचं आणि दुसरं ठेवायचं, ही अपन्हुती. शास्त्री शिष्यांना म्हणतात, "हे अलंकार नव्हेत — इथवर ठीक. पण मग काय आहे? पुढचा भाग हवा ना! 'हे अलंकार नव्हेत, हे अश्रू आहेत' — असं काही म्हणायला हवं होतं. घाईत लिहिलेलं दिसतं."

एका शिष्यानं भीत भीत विचारलं, "आणि गुरुजी, 'मला घेऊन जा'?"

"ते असतंच," शास्त्री म्हणाले. "सासुरवाशिणीच्या पत्रात माहेरची ओढ ही रूढी आहे."

त्यानंतर पत्र आलं नाही.

शास्त्र्यांना वाटलं, रमली पोर. बरं झालं.

इकडे त्यांनी एक ग्रंथ लिहायला घेतला. मराठीतून अलंकार! आणि उदाहरणं कुणाची? लेकीची! अतिशयोक्तीच्या पानावर मोठ्या अक्षरात — "विहीर दोन कोसांवर आहे." जिल्ह्यात नाव झालं त्या वाक्याचं. शाळामास्तर मुलांकडून पाठ करून घ्यायचे. लग्नाच्या पंगतीत भटजी एकमेकांना म्हणायचे, "वाढपी काय दोन कोसांवर गेलाय का?" पोर तिकडे चालतेय, आणि तिचं चालणं इकडे पंगतीत वाढलं जातंय.

मग चैत्रात शास्त्र्यांची सभा भरली. अठरा विद्वान. दाजींनी ग्रंथ वाचायला घेतला. अतिशयोक्तीचं पान आलं, वाक्य वाचलं. सतरा जण म्हणाले, "वा!"

अठरावे कोण? धोंडशास्त्री मोने. काळा, उंच, तपकीर ओढणारा माणूस. शिंकला, आणि म्हणाला, "ही अतिशयोक्ती नव्हे."

"म्हणजे?"

"स्वभावोक्ती आहे. विहीर दोन कोसांवर असेल म्हणून तिनं लिहिलं, दोन कोस."

आता तुम्ही म्हणाल, वा, सापडला एक सहृदय माणूस! धोंडशास्त्र्यांना पोरीचा कळवळा आला! — छे हो! दाजी जे म्हणतील त्याच्या उलट म्हणायचं, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम होता. दाजींनी "आज एकादशी" म्हटलं तर हे पंचांग मागायचे. पण देवाची योजना बघा. कधी कधी खरं बोलायला त्याला सज्जन माणूस मिळत नाही, मग तो खवचट माणूस वापरतो.

दाजी भडकले. "अहो, सून काय दोन कोस पाण्याला जाईल?"

"तुम्ही विहीर पाहिलीत का?"

"अलंकार ओळखायला विहीर कशाला पाहायला हवी?"

"हवी! जे आहे त्याहून जास्त सांगितलं तर अतिशयोक्ती. मग आहे किती, हे आधी नको कळायला?"

तीन दिवस वाद! पोथ्या निघाल्या, टीका निघाल्या, टीकेवरच्या टीका निघाल्या. अठरा विद्वान माणसं, सगळी मुलीबाळींची! त्यांतला एकही म्हणाला नाही, की अहो, ही स्वभावोक्ती असेल तर त्या पोरीच्या पायांचं काय झालं असेल? एकही नाही! शेवटी एक म्हातारे वेदमूर्ती होते, त्यांना भूक लागली होती. ते म्हणाले, "मोजून या आणि सोडा आम्हाला."

ठरलं! दोघांनी जायचं, मोजायचं. हरेल त्यानं भर सभेत पागोटं उतरवायचं.

निघाले बैलगाडीनं. दोन दिवसांनी सकाळी खरकवाडीला पोचले. कुळकर्ण्यांचं घर सापडलं. घरात जायचं तर चालीची अडचण, शिवाय पाहुणचारात वेळ जाणार. दाजी म्हणाले, "उंबरठ्यापासूनच सुरू करू."

ओट्यावर व्याही बसले होते, आबा कुळकर्णी, जपमाळ ओढत. लग्नानंतर भेट नाही, नजर अधू. त्यांनी कुणाला ओळखलं नाही. दाजींनीही ओळख दिली नाही, मोजायला आले होते ना! नुसतं विचारलं, "देवाच्या पाण्याची विहीर कुठे?"

आबांनी जप न थांबवता बोट दाखवलं. "ती वाट. सून आत्ताच गेलीय, दिसेल पुढं."

सून आत्ताच गेलीय! बापाच्या कानावर पडलं, मंडळी. पण बापाच्या तोंडात आकडे होते. "एक, दोन, तीन, चार..."

हिशेब असा ठरलेला. शंभर पावलं झाली की माळेचा एक मणी. कोसाला चार हजार पावलं, म्हणजे चाळीस मणी. दोन कोसांना ऐंशी. दाजींची खात्री, वीस मण्यांत विहीर येणार.

पुढे दोनशे पावलांवर एक बाई चालली होती. काटकुळी. डोक्यावर तांब्याची कळशी, ओलं लुगडं वाळत चाललेलं. एक पाय जरा उचलून टाकत होती. शास्त्री तिच्या मागे. बाप लेकीच्या मागोमाग चाललाय — आणि पावलं मोजतोय! आमची मथू गोल चेहऱ्याची, भरल्या अंगाची, हे बापाच्या मनात इतकं पक्कं, की समोरची बाई त्यांना दिसलीच नाही.

वीस मणी झाले. विहीर नाही. तीस झाले. विहीर नाही. झाड नाही, सावली नाही. एकतिसाव्या मण्याला दाजींच्या वहाणेचा अंगठा तुटला. आता लंगडत चालावं तर पावलाचं माप बदलतं. मोजणी चुकते! शास्त्राचा माणूस. दोन्ही वहाणा काढल्या, काखेत धरल्या आणि अनवाणी पाऊल टाकलं.

आणि थांबले.

धोंडशास्त्री म्हणाले, "एकतीस झाले. चला."

दाजी हलेनात. खाली बघत होते. ओठ हलले. म्हणाले, "तवा."

बस, एवढंच. धोंडशास्त्र्यांनी काय ओळखायचं ते ओळखलं, तपकीर काढली, आणि ओढली नाही. परत ठेवून दिली. आपल्या वहाणा पुढे केल्या. दाजींनी घेतल्या नाहीत. चालू लागले.

चाळीस. पन्नास. वाटेवर मधूनच पावलाचा एखादा ओला, तांबूस डाग दिसायचा, रुपयाएवढा. धोंडशास्त्री बघून ओलांडायचे. दाजींनाही आता दिसत होते. साठ. मोजणी चालूच होती. सत्तर. ऐंशी! ऐंशी मणी झाले, दोन कोस पुरे झाले. दाजी हरले. आणि विहीर अजून आलेली नाही!

शहाऐंशीव्या मण्याला विहीर आली.

ऐका मंडळी, इथे नीट ऐका. दोन कोसांहून सहाशे पावलं जास्त! पोरीनं वाढवून सांगितलं नव्हतं. पोरीनं कमी सांगितलं होतं! वरची सहाशे पावलं तिनं धरलीच नव्हती. आणि बापानं समासात लिहिलं होतं — संयम हा लेखनाचा गुण आहे.

ती बाई कळशी भरून वळली. दाजी चार हातांवर उभे. पागोटं सुटलेलं, पाय धुळीनं माखलेले, काखेत वहाणा. "मथू?" म्हणाले, आणि पुढे झाले.

ती दोन पावलं मागे सरली. म्हणाली, "बाबा, शिवू नका."

रडली नाही. धावली नाही. पहिलं वाक्य काय? शिवू नका! कारण प्रवासातला माणूस ओवळा, तो शिवला की कळशी ओतायची, पुन्हा भरायची, आणि आज जेवण नाही. दोन वर्षांनी बाप भेटला, तर पोर पाण्याला जपतेय.

मग तिनं विचारलं, "कशासाठी आलात?"

मंडळी, दाजीशास्त्र्यांना शेकडो अलंकार येत होते. तिथे एखादं गोड वाक्य जुळवणं काय अवघड होतं? "तुझ्या ओढीनं आलो" म्हणता आलं असतं. पोरीनं मानलंही असतं. धोंडशास्त्रीसुद्धा बोलले नसते. पण त्या माणसाचं एक मी मानतो. तो म्हणाला, "मोजायला आलो."

"किती भरलं?"

"दोन कोस, आणि वर सहाशे पावलं."

तिनं मान हलवली. म्हणाली, "मला दोनच वाटलं होतं. चला, मी जाते. उशीर झाला तर घरची जेवणं होऊन जातील." आणि कळशी डोक्यावर घ्यायला वाकली.

तेव्हा दाजीशास्त्री — जन्मभर सोवळं पाळलेला माणूस, सावली पडली तर अंघोळ करणारा — पुढे गेले, आणि लेकीचा हात धरला. घट्ट!

मथू ओरडली. "बाबा! शिवलात! आता पुन्हा भरावी लागेल!"

"ओत," शास्त्री म्हणाले. "ओतून टाक. पुन्हा भरायची नाही."

तिला कळेना. तिनं विचारलं, "हे कशातलं?" म्हणजे, हा अलंकार कोणता? बापानं शिकवलं होतं ना तिला तसं ऐकायला! आणि बाप त्या रणरणत्या उन्हात खाली बसला, पोरीलाही बसवलं, तिचे पाय मांडीवर घेतले, आणि ढसाढसा रडला. म्हणाला, "मथू, मी चुकलो गं. तू सांगत होतीस आणि मी तपासत होतो."

कळशी मथूनं ओतली. पाणी जमिनीनं प्यायलं, आवाजसुद्धा झाला नाही.

बैलगाडी विहिरीवरच मागवली. बापलेक तिथूनच गावाकडे निघाले. रिकामी कळशी पोचवायचं काम धोंडशास्त्र्यांनी पत्करलं. कुळकर्ण्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवली. "हे तुमचं भांडं. सून माहेरी गेली."

आबांची माळ थांबली. "आणि देवाचं पाणी?"

धोंडशास्त्री म्हणाले, "देवाला विचारा, तो येतो का दोन कोस."

मग त्यांनी आधी ओढायची राहिलेली तपकीर ओढली आणि निघाले.

पुढे सहा महिन्यांनी जावई न्यायला आला. मुलगा बरा होता, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं — त्यानं विचारलंही नव्हतं, ते सोडा. मथूनं एकच विचारलं, "पाणी किती लांब आहे?" तो म्हणाला, "पुण्याला नळ आहे, दारातच." मथू म्हणाली, "आधी बाबा जाऊन बघून येतील." आणि दाजीशास्त्री गेले! पुण्याला गेले, नळ सोडला, ओंजळभर पाणी प्यायले, परत आले, म्हणाले, "आहे." मग लेक पाठवली.

ग्रंथ छापला गेला नाही. भर सभेत पागोटं उतरलं ते दाजींनी पुन्हा घातलं नाही. विद्यार्थी यायचे, विचारायचे, "गुरुजी, स्वभावोक्ती हा अलंकार मानावा की नाही?" ते म्हणायचे, "मला विचारू नका. मला ती ओळखता आली नाही." आणि दारात कुणी काही दुखलंखुपलं सांगायला आलं, की उठून उभे राहायचे. आधी उभे राहायचे, मग ऐकायचे.

तर मंडळी! तुम्हाला वाटतंय, आपण कुठे अलंकारशास्त्री? आपल्याला उपमा म्हटलं की बशी आठवते! अहो, पण घरोघर तांबडी शाई आहे. म्हातारी म्हणते, गुडघ्यातून कळ येते. आपण म्हणतो, "आई, वाढवून सांगू नकोस." पोरगा म्हणतो, मास्तर रोज मारतात. "रोज? खरं सांग, रोज?" बायको म्हणते, मला हे झेपत नाही. "झालं हिचं सुरू!" ही अतिशयोक्तीच की! ओळखली, नाव ठेवलं, संपलं. दोन कोस मोजायला कोण उठतं?

आणि बाहेर पडलात की तुम्ही काय म्हणणार, तेही मला ठाऊक आहे. "बुवांनी आज काय रंगवलं! ती कळशी ओतली तेव्हा तर वा!" — म्हणजे पुन्हा "वा"च!

बरं, तुम्हाला सांगतोय तो मी कोण मोठा शहाणा? ऐका. आज ज्या घरी माझं पान होतं, त्या घरच्या वहिनी मला वाढत होत्या. भात वाढता वाढता हळूच म्हणाल्या, "बुवा, महिना झाला, डावा हात मधूनच बधिर होतो. ताट हातातून निसटतं. घरात कुणाला खरं वाटत नाही." घरातले सगळे हसले. म्हणाले, "बुवा, हिला कामं चुकवायला रोज नवा आजार होतो." आणि मी काय केलं? मीही हसलो. म्हणालो, "वहिनी, हात देवाला जोडायला तर येतात ना? मग झालं!" सगळ्यांना फार आवडलं. मी मठ्ठा मागितला.

त्यांनी उजव्या हातानं वाढला. मी पाहिलं. पाहिलं, आणि इथे येऊन तासभर तुम्हाला दाजीशास्त्री सांगितला.

त्या वहिनी इथे नाहीत. मागे सप्त्याची भांडी पडलीत, ती घासतायत. त्यांचे यजमान इथे आहेत, टाळ घेऊन बसलेत, आत्ता माझ्याकडे बघत नाहीयेत. नाव घेत नाही मी.

दिगंबरपंत, पेटी थांबवा. अण्णा, तुमची जीप बाहेर उभी आहे, चावी काढा. तालुक्याचा दवाखाना पाचपर्यंत उघडा असतो. मीही येतो, हसलो होतो मी.

यजमान, टाळ खाली ठेवा आणि उठा. आरती तुमच्यावाचून होते.